आधी ते ब्लेड खाली ठेवा

तळव्याला काहीतरी कठीण टोचायला लागलं की आपल्याकडे त्याला सरसकट कुरूप म्हणतात आणि घरात दाढीचं ब्लेड शोधायला लागतात. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी त्वचारोगांचा दवाखाना चालवते. आठवडी बाजाराच्या दिवशी माझ्याकडे गर्दी असते आणि त्या गर्दीत "डॉक्टर, कुरूप झालंय, तेवढं कापून द्या" असं म्हणत चप्पल काढणारं कुणीतरी असतंच. पाय हातात घेऊन दिव्याखाली धरला की पुष्कळदा दिसते ती चामखीळ. कुरूप हा दाबाचा परिणाम असतो. चामखीळ हा विषाणूचा संसर्ग असतो आणि घरी कापाकापी केली की ती आजूबाजूला पसरते. हा एक फरक घराघरांत कळला तर माझ्याकडे येणारे निम्मे पाय तरी कमी जखमी होऊन येतील, असं मला मनापासून वाटतं.

फरक ओळखणं फार अवघड नाही. हाताच्या बोटांवर असतात तशाच बारीक रेषा पायाच्या तळव्यावरही असतात. कुरूप किंवा घट्टा असेल तर या रेषा त्याच्यावरून पार पलीकडे जातात. चामखिळीपाशी आल्या की त्या कडेने वळसा घेतात. मग दाबून बघायचं. अंगठ्याने वरून सरळ दाबल्यावर कळ आली तर ते बहुधा कुरूप. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त कळ आली तर बहुधा चामखीळ. जागाही बोलकी असते. कुरूप हाडाच्या उंचवट्यावर किंवा चपलेची शिवण घासते तिथे होतं. चामखीळ कुठेही होते, अगदी तळव्याच्या खोलगट भागातही, आणि एकीच्या आसपास तिची पिल्लंही दिसतात.

सर्वांत खात्रीची खूण दिसते ती वरची मेलेली कातडी अलगद खरवडल्यावर. चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात. कुणी त्यांना बिया म्हणतं, कुणी किडे. उसाच्या रानात आयुष्य गेलेल्या एका आजींनी मला ठामपणे सांगितलं होतं, "बाभळीच्या काट्याचं टोक हाय त्ये, आत मोडलंय." काटा आत मोडून राहणं आमच्या भागात खरंच होतं, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी तपासूनही पाहिलं. पण ते ठिपके म्हणजे रक्त गोठलेल्या बारीक केशवाहिन्या होत्या. चामखीळ वाढताना या वाहिन्या पृष्ठभागाजवळ येतात, चालण्याच्या दाबाने चेंगरतात आणि आतलं रक्त काळं पडतं. थोडं आणखी खरवडलं की तिथून टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब येतात. कुरूपात असं काही नसतं. मध्यभागी पिवळसर, टणक गाभा तेवढा असतो.

चामखीळ संसर्गाने होते हे सिद्ध करणारा प्रयोग १९०७ सालचा आहे. इटलीतले डॉक्टर जुझेप्पे चुफो यांनी चामखिळीचा अर्क जिवाणूही पार होणार नाहीत अशा गाळणीतून गाळला आणि स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. काही महिन्यांनी तिथे चामखीळ उगवली. जिवाणूहून लहान असं काहीतरी हा रोग करतं, हे त्यातून कळलं. आज त्या विषाणूला ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस म्हणतात. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार माहीत आहेत; तळव्यावर बहुधा १, २, ४, २७ आणि ५७ या क्रमांकांचे प्रकार सापडतात. पहिल्या प्रकाराची चामखीळ खोल बसते आणि फार दुखते. २, २७ आणि ५७ यांच्या चामखिळी एकमेकींना चिकटून फरशीच्या तुकड्यांसारखा पट्टा तयार करतात. तो दुखत कमी, पण चिवट फार.

विषाणू आत शिरतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरेतून. ओल्या पायाची कातडी फुगून मऊ पडते आणि खरखरीत फरशीवर चटकन ओरखडते, म्हणून ओल हा त्याचा मोठा आधार. आत शिरल्यावर तो बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरातल्या पेशींत मुक्काम करतो. तिथून तो रक्तात जात नाही, पेशी फोडत नाही, ताप आणत नाही. त्यामुळे शरीराच्या संरक्षक पेशींना घुसखोर आल्याची वार्ताच लागत नाही. संसर्ग झाल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत काही आठवडे ते काही महिने जातात. म्हणून "ही मला कुठून लागली" या प्रश्नाचं नेमकं उत्तर कधीच मिळत नाही, आणि त्याचा शोध घेत घरातल्या कुणावर दोष ठेवण्यातही अर्थ नसतो.

"मुळासकट काढा" ही मागणी मला रोज ऐकावी लागते. चामखिळीला मुळं नसतात. हातावरची चामखीळ वर वाढते; तळव्यावर अख्ख्या देहाचा भार असल्यामुळे ती आत दाबली जाते, एवढंच. कितीही खोल वाटली तरी ती बाह्यत्वचेतच असते. बाजारात किंवा जत्रेत कुरूप काढून देणारे लोक पांढरट धागा दाखवून "ही बघा मुळी" म्हणतात, तेव्हा ती मुळी नसते. त्यांचं हत्यार मात्र आधी कुणाच्या पायात गेलं होतं हे कुणालाच सांगता येत नाही. चामखिळीचा विषाणू तर त्यावरून जातोच, हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीचा धोकाही असतो.

घरगुती उपायांत मला सर्वांत जास्त भीती बिब्ब्याची वाटते. टाचेच्या भेगेला, काट्याला, कुरूपाला गरम बिब्बा लावण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. बिब्ब्याच्या तेलात भिलावनॉल नावाची द्रव्यं असतात आणि ती कातडी अक्षरशः भाजतात. काहींना त्यांची इतकी तीव्र ॲलर्जी येते की पायाला लावलेल्या बिब्ब्याने अंगभर पुरळ उठतो आणि तोंड सुजतं. चुना आणि सोडा एकत्र करून लावणं, उदबत्तीने डाग देणं, रुईचा चीक भरणं हे सगळं याच जातीचं. कुणाची चामखीळ त्याने गेलीही असेल, मी नाकारत नाही. पण माझ्यासमोर येतो तो भाजलेला तळवा, आणि तो भरेपर्यंत त्या माणसाची मजुरी बुडालेली असते.

मेडिकलच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी कॉर्न कॅप वेगळी. तिच्यात औषध खरंच असतं, सॅलिसिलिक ॲसिड, सहसा ४० टक्क्यांच्या आसपास. अडचण वापराची आहे. लोक ती पट्टी लावून आठ-आठ दिवस विसरतात, ती सरकते आणि चामखिळीशेजारची चांगली कातडी पांढरीफटक होऊन सोलते. हेच औषध नीट वापरलं तर घरी करता येण्याजोगा याच्यासारखा दुसरा उपचार नाही. म्हणून तो सविस्तर सांगते.

सॅलिसिलिक आणि लॅक्टिक ॲसिड एकत्र असलेलं, लावल्यावर पातळ पापुद्र्यासारखं वाळणारं औषध बाटलीत मिळतं. ते रात्री लावायचं. आधी पाय कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवायचा, म्हणजे वरचा थर मऊ पडतो. मग वापरून फेकता येईल अशा नेल-फाइलने पांढरी, मेलेली कातडी घासून काढायची. रक्त येईपर्यंत नाही. दुखायला लागलं की थांबायचं. पाय कोरडा करून चामखिळीच्या भोवती व्हॅसलीनचं कडं काढायचं, त्याने चांगली कातडी वाचते. आता फक्त चामखिळीवर औषधाचा थेंब, तो वाळू द्यायचा आणि वरून चिकटपट्टी. दुसऱ्या रात्री पुन्हा हेच. कातडी लाल होऊन फार चुरचुरली तर दोन-तीन दिवस थांबून परत सुरू करायचं. हे बारा आठवडे चालतं. बारा आठवडे ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा पडतो, ते मला दिसतं. पण औषध लावणाऱ्यांपैकी बहुतेकजण चामखिळीचा उंचवटा सपाट झाला, दुखणं थांबलं की सोडून देतात, आणि उरलेल्या कडेतून ती पुन्हा उभी राहते. रेषा पुन्हा सरळ पार जायला लागल्या की मगच ती गेली असं समजायचं.

दवाखान्यात आम्ही गोठवण्याचा उपचार करतो. उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रवरूप नायट्रोजन चामखिळीवर काही सेकंद सोडायचा. ग्रामीण भागात हा नायट्रोजन माणसांच्या आधी जनावरांसाठी पोचला; कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात, त्यामुळे त्याची पिंपं आमच्याकडच्या शेतकऱ्यांच्या ओळखीची असतात आणि भीती थोडी कमी होते. गोठवताना झोंबतं, नंतर फोड येतो, कधी रक्ताळलेला. तो फोडायचा नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा यायचं, असं काही वेळा. लहान मुलांना हा उपचार करायला माझा हात धजत नाही, कारण दुखतं फार आणि मुलांच्या चामखिळी पुष्कळदा आपोआप जातात.

गोठवणं महागाचं आणि यंत्रसामग्रीचं, म्हणून ते जास्त गुणकारी असणार, असं रुग्णांना वाटतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमध्ये तळव्यावरच्या चामखिळी असलेल्या २४० जणांवर केलेल्या चाचणीत सॅलिसिलिक ॲसिड आणि गोठवणं हे दोन उपचार समोरासमोर ठेवले होते. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत शेकडा १४ जणांच्याच चामखिळी पूर्ण गेल्या होत्या. सहा महिन्यांनी दोन्हीकडे साधारण एक तृतीयांश. मी हे आकडे रुग्णांपासून लपवत नाही. तळव्याची कातडी जाड असते, औषध आत पोचायला वेळ लागतो आणि पहिल्या महिन्यात काही दिसलं नाही म्हणून उपचार फसला असं होत नाही. एका हंगामाची तयारी ठेवून आलेला माणूस बरा होऊन जातो, हा माझा अनुभव आहे. पंधरा दिवसांत डॉक्टर बदलणारा माणूस मात्र शेवटी ब्लेडकडे वळतो.

लहान मुलांच्या चामखिळींपैकी साधारण दोन तृतीयांश दोन वर्षांत काहीही न करता जातात. शरीराला कधीतरी विषाणूचा पत्ता लागतो आणि मग महिन्याभरात सगळ्या चामखिळी काळ्या पडून गळतात. गंडा, दोरा, मंत्र यांना मिळणारं यश इथूनच येतं. दुखत नसेल, मूल खेळत असेल तर नुसतं थांबणं हाही उपचारच आहे, आणि आईवडिलांना तसं सांगताना मला कमीपणा वाटत नाही.

शरीराला तो पत्ता मुद्दाम लावून देणं ही अलीकडच्या उपचारांमागची कल्पना. गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एमएमआर लस चामखिळीत थोडीशी टोचतात, काही आठवड्यांच्या अंतराने. लसीमुळे संरक्षक पेशी तिथे गोळा होतात आणि त्या गडबडीत चामखिळीचा विषाणूही त्यांना सापडतो. एका चामखिळीत टोचलं आणि दुसऱ्या पायावरच्या गेल्या, असं मी पाहिलं आहे. 'एमडब्ल्यू' नावाची लसही भारतात यासाठी वापरली जाते. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा संस्थेत डॉ. जी. पी. तलवार यांनी ती मुळात कुष्ठरोगासाठी तयार केली. गरोदर बायकांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना एमएमआर देत नाहीत. विजेने जाळणं, लेझर किंवा शस्त्रक्रिया यांच्याकडे मी सर्वांत शेवटी वळते. तळव्यावर व्रण राहिला तर प्रत्येक पावलाला तो दुखू शकतो, आणि त्याला मग उपचार नसतो.

मुलींचे आईवडील हल्ली एक प्रश्न विचारतात. पॅपिलोमा विषाणूने गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होतो म्हणतात, मग ही पायाची चामखीळ? त्या कर्करोगाला कारण होणारे प्रकार वेगळे, मुख्यतः १६ आणि १८. हे संशोधन हॅराल्ड झुर हौझेन यांचं, आणि त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. तळव्यावरच्या चामखिळीचा त्या रोगाशी संबंध नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लस ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांसाठी आहे. ती पायाच्या चामखिळीवर चालत नाही. पण मुलीला ती जरूर द्या. दवाखान्यात चामखिळीसाठी आलेल्या आईला मी हे आवर्जून सांगते.

आता ज्यांनी घरी काहीच करायचं नाही त्यांच्याविषयी, आणि हा भाग मी सर्वांत कळकळीने लिहिते आहे. मधुमेह असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल तर सॅलिसिलिक ॲसिड, कॉर्न कॅप, ब्लेड, काहीही नाही. एक निवृत्त शिक्षक कॉर्न कॅप लावून माझ्याकडे आले होते. पट्टी काढली तर खाली खोल जखम, आणि त्यांना कळ म्हणून नव्हती. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठा मंदावतो. ॲसिडने पडलेलं भोक कळत नाही आणि भरतही नाही. बोट कापावं लागण्याची सुरुवात अशाच जखमेतून होते. सरांचा पाय वाचला, कारण त्यांच्या सुनेला वास आला आणि तिने त्यांना त्याच दिवशी आणलं. तळव्यावर जाड कातडी आहे आणि तिथे स्पर्शच कळत नाही, तर मधुमेहाबरोबर कुष्ठरोगाचीही तपासणी करून घ्यायला हवी. तो पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं.

उतारवयात तळव्यावर नवीन काळा डाग आला, तो पसरायला लागला, किंवा वर्षानुवर्षांची चामखीळ अचानक वाढून चिघळली, घाण वास यायला लागला, तर तुकडा काढून तपासणं आवश्यक असतं. मेलानोमा हा कातडीचा कर्करोग भारतीयांना होतो तेव्हा तो पुष्कळदा तळव्यावरच असतो, आणि चामखीळ समजून त्याच्यावर महिनोन्‌महिने ॲसिड लावलं जातं.

चामखीळ होऊ नये म्हणून काय करायचं, याचं उत्तर बरेचदा घरातल्या न्हाणीघरात सापडतं. तिथे एक वजरी असते. सासऱ्यांपासून नातवापर्यंत सगळे तिनेच टाचा घासतात. ज्याला चामखीळ आहे तो ती घासतो, विषाणूने भरलेला भुगा वजरीच्या भोकांत बसतो, आणि पुढचा माणूस त्याच वजरीने स्वतःच्या कातडीला ओरखडे काढून घेतो. या विषाणूला वरचं चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे तो वाळूनही टिकतो आणि सॅनिटायझरलाही दाद देत नाही. चामखीळ असलेल्याची वजरी, पाय पुसायचं फडकं, मोजे वेगळे ठेवा, आणि ती बरी झाली की वजरी फेकून द्या. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळांतल्या मुलांचा पाठपुरावा केला तेव्हाही हेच दिसलं की मुलांना चामखिळी मुख्यतः घरातल्या माणसांकडून आणि वर्गातल्या मुलांकडून मिळतात.

घराबाहेर धोका जास्त तो वसतिगृहाच्या सामायिक न्हाणीघरात, पोहण्याच्या तलावाच्या काठावर, ओल्या खोल्यांत. तिथे रबरी चप्पल घालूनच वावरायचं. अनवाणी देवळात जाणाऱ्यांनी किंवा वारीत चालणाऱ्यांनी याची धास्ती घेऊ नये. कोरड्या वाटेवर त्यांना फोड आणि भेगा यांचाच त्रास जास्त. पावसाळ्यात शाळेचे बूट दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा मोजे सुती हवेत, रोज बदलायला हवेत आणि पाय बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करायला हवेत. चामखीळ नखाने कोरायची नाही. एवढं पुरतं.

वसतिगृहांचे अधीक्षक आणि क्रीडाशिक्षक यांना माझी एक विनंती आहे. आमच्याकडच्या एका वसतिगृहात कबड्डी खेळणाऱ्या मुलीच्या टाचेवर चामखिळी दिसल्या म्हणून तिला संघातून बाजूला बसवलं, मैत्रिणी तिच्याजवळ झोपेनात. त्या वयाच्या मुलीला हे चामखिळीपेक्षा कितीतरी जास्त दुखतं. चामखिळीवर पाण्याने न निघणारी चिकटपट्टी लावली, न्हाणीघरात चप्पल वापरली आणि टॉवेल वेगळा ठेवला तर बाकीच्यांना पुरेसं संरक्षण मिळतं. मुलांना खेळातून काढू नका. वसतिगृहाच्या प्रत्येक मुलामुलीला रबरी चपलेचा एक जोड मिळेल याची तजवीज करा, आणि कुणाला चामखीळ दिसली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.